टाकीवाल्याच्या नावावर शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला फार किळस येते. किळस येणारा शिक्का तुम्ही कधी पाहिला नसेल. पण रोज उठून केसांनी भरलेल्या, आंबूस वास मारणाऱ्या शाईच्या पॅडवर तोंड दाबून घ्यायची वेळ तुमच्यावर आली असती, तर तुम्हीही माझ्यासारखेच झाला असता. तेव्हा मी मधूनमधून नाक मुरडलं तर रागावू नका. मला नाक नाही, हे मला ठाऊक आहे.

मी एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात राहतो. संदर्भ विभाग म्हणजे जिथली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथेच टेबलाशी बसून वाचावी लागतात, ती खोली. उंच खिडक्या, लांब टेबलं, करकरणाऱ्या खुर्च्या आणि दाराजवळ ग्रंथपालांचं मोठं टेबल. त्या टेबलावर पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या दगडाशेजारी माझी जागा आहे. माझ्या तोंडावर उलटी अक्षरं आहेत, ती कागदावर उमटली की सुलटी होतात. 'संदर्भ विभाग. बाहेर नेऊ नये.' एवढंच माझं बोलणं. जन्मभर मी हेच बोलत आलो आहे.

माझा जन्म एका जिन्याखालच्या दुकानात झाला. दुकान कसलं, पाठ वाकवून आत शिरायचं आणि तसंच वाकून बाहेर यायचं. शिक्के करणारे काका डोळ्याला भिंग लावून बारीक पात्याने माझ्या अक्षरांच्या कडा साफ करत होते. मूठ त्यांनी स्वतः तासली, पॉलिश केली, आणि पहिला ठसा स्वतःच्या मनगटावर उमटवून बायकोला दाखवला.

"बघ गं, एक अक्षर तुटलं असेल तर सांग!"

"तुटलं नाही, पण आता हा हात घेऊन जेवायला बसू नका," काकू म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

ग्रंथालयात मी आलो तेव्हा तिथे जुने ग्रंथपाल होते. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांच्या हाताला साबणाचा वास यायचा. शनिवारी खोली बंद करताना ते जुन्या टूथब्रशने माझी अक्षरं घासायचे, फडक्याने टिपायचे आणि मला उताणा ठेवून द्यायचे, म्हणजे सोमवारपर्यंत रबर छान सुकायचं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

पण त्यांची खरी सवय वेगळीच होती. नवं पुस्तक आलं की ते लगेच मला उचलायचे नाहीत. आधी पुस्तक वाचायचे. सगळं नाही, पण चाळणं म्हणावं त्याहून बरंच जास्त. वाचता वाचता पुटपुटायचे, "हे याला कुठून कळलं?" पुस्तकात उत्तर सापडलं की मान हलवायचे आणि मग मला उचलायचे. एक ठसा पहिल्या पानावर आणि एक सतराव्या पानावर. पहिलं पान कुणी फाडून पुस्तक पळवलं तरी सतरावं पान चुगली करतं, अशी ग्रंथालयातली जुनी रीत आहे. उत्तर नाही सापडलं तर पुस्तक बाहेरच्या कपाटात जायचं, घरी नेऊन खुशाल वाचा म्हणून. संदर्भ विभागात त्याला जागा नव्हती.

"शिक्का मारला म्हणजे आपण शब्द दिला," असं अण्णा म्हणायचे. लोकांनाही ते माहीत होतं. टेबलाशी वाद झाला की कुणीतरी पुस्तक उघडून माझ्या ठशावर बोट ठेवायचं आणि वाद मिटायचा. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

अण्णा निवृत्त झाले, आणि माझे हाल सुरू झाले.

नवे ग्रंथपाल आले त्यांना सगळे साहेब म्हणतात. साहेब वाईट नाहीत. हसून बोलतात, कुणाला हाकलून देत नाहीत. पण मित्रांनो, काय ते हात! दुपारी डबा खाल्ला की रुमालाला पुसायचे आणि थेट माझी मूठ धरायची. जिभेला बोट लावून पान उलटायचं, पुन्हा जिभेला, पुन्हा पानाला. चार पुस्तकं झाली की त्या बोटावर किती माणसांची किती वर्षांची धूळ असेल, आणि ते बोट परत तोंडात! माझ्या अंगावर शहारा येतो. पॅड वाळला तर नवी शाई आणवायची सोडून कपातला उरलेला चहा त्यात ओतायचा. चहा! दुधाचा! दोन दिवसांनी त्या पॅडला काय वास सुटला असेल ते तुम्हीच ओळखा. आणि उन्हाळ्यात खुर्चीत बसल्या बसल्या मला सदऱ्यात घालून माझ्या मुठीने पाठ खाजवायची. एकेकाळी माझ्यामुळे वाद मिटायचे, आणि आता मी घामोळ्यांच्या सेवेत होतो.

टूथब्रश कधीच हरवला होता. माझ्या अक्षरांत शाईचे गोळे अडकले. पुस्तकं वाचून बघणं तर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. गठ्ठा आला की साहेब फोन खांद्यात धरून बोलत बोलत धडाधड ठसे उमटवत. पहिलं पान, सतरावं पान, पुढचं पुस्तक. मला विचारतो कोण?

अशात एक दिवस खोलीत माणसं आली आणि मला वाटलं, आता आपले दिवस पालटणार.

इंटरनेटवर एक ज्ञानकोश असतो, तो तुम्ही शाळेच्या प्रकल्पासाठी उघडत असालच. तो कुणी एक पंडित लिहीत नाही. ज्याला हौस आहे तो लिहितो, फुकट लिहितो, आणि दुसऱ्याने लिहिलेलं तिसरा दुरुस्त करतो. अट एकच. जे लिहाल ते कुठून कळलं, हे खाली सांगायचं. कुठलं पुस्तक, कुठलं पान. नाही सांगितलं तर वाक्याच्या शेपटाला 'संदर्भ हवा' अशी बारीक चिठ्ठी लागते. हे ऐकलं आणि मला अण्णाच आठवले. हे याला कुठून कळलं? तोच प्रश्न!

तर हे लिहिणारे लोक साहेबांकडे आले. त्यांच्याकडे लिहायला हात होते आणि ग्रंथालयाकडे पुस्तकं होती, तेव्हा दोघांनी मिळून काम करायचं ठरलं. रविवारी खोली उघडी ठेवायची, त्यांनी संगणक घेऊन बसायचं, आणि आपल्या गावाबद्दलचे लेख पुस्तकांतून पडताळून लिहायचे. त्यांचे पुढारी एक प्राध्यापक होते, पदार्थविज्ञान शिकवणारे, आवाज मोठा आणि टायपिंग त्याहून मोठं. आणि एक औषधांच्या दुकानातल्या ताई होत्या. गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून वाचून त्यांची नजर फार तीक्ष्ण झाली होती. पहिल्याच रविवारी त्यांनी पिशवीतून फडकं काढून आपल्यापुढचं टेबल पुसलं. मला त्या तेव्हाच आवडल्या.

सुरुवातीला काम खरंच सुंदर झालं. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली पुस्तकं कपाटातून बाहेर आली. जुन्या पुलाचा लेख झाला, नदीकाठच्या पक्ष्यांचा झाला. पण साहेबांना त्यात फोटो दिसले. भिंतीवर फलक लागला, 'ग्रंथालय आणि ज्ञानकोश, एक अनोखं सहकार्य.' फीत कापली गेली. सगळ्यांत जास्त भर घालणाऱ्याला चषक द्यायचं ठरलं. झालं! चषक म्हटल्यावर प्राध्यापकांच्या बोटांना पंख फुटले. पुस्तक उघडायला वेळ लागतो, आणि न उघडता लिहायला लागत नाही.

गावाच्या पाणीपुरवठ्याचा लेख त्यांनी लिहिला. टेकडीवरची जुनी पाण्याची टाकी, ती कुणी बांधली, किती उंच आहे, हे सगळं पुस्तकातून घेतलेलं आणि बरोबर होतं. मग पूर्वी एकदा गावात काविळीची मोठी साथ आली होती, तिचा उल्लेख. आणि तिथे एक वाक्य. 'टाकीचा राखणदार टाकीच्या पाण्यातच अंघोळ करत असे व त्याच्यामुळे साथ पसरली.'

हे त्यांना कुठून कळलं? सलूनमध्ये. दाढी करून घेताना शेजारच्या खुर्चीतला माणूस म्हणाला होता. मला हे ठाऊक आहे, कारण ते टेबलाशी हसत हसत साहेबांना सांगत होते. "ई, साहेब, विचार करा, अख्खं गाव त्याच्या अंघोळीचं पाणी पीत होतं!" आणि दोघंही पोट धरून हसले. वाक्याच्या शेपटाला 'संदर्भ हवा' ही चिठ्ठी लागली. चिठ्ठी लटकत राहिली आणि वाक्यही राहिलं.

पुढे त्या टाकीला शंभर वर्षं झाली. गावच्या नगरपालिकेने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि संपादक कोण, तर आमचे साहेब. साहेबांनी काय करावं? ज्ञानकोशातला लेख उघडला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उचलला आणि स्मरणिकेत घातला. ती बारीक चिठ्ठी तेवढी गाळली, कारण छापील पानावर ती बरी दिसत नाही. लेख कुठून घेतला हेही गाळलं. वर स्वतःचा फोटो टाकला, हनुवटीखाली मूठ धरलेला.

गुळगुळीत कागदाची ती स्मरणिका टेबलावर आली तेव्हा तिला नव्या रंगाचा उग्र वास येत होता. साहेब फोनवर बोलत होते. पहिलं पान, धप्प. सतरावं पान, धप्प. आणि ते अंघोळीचं वाक्य नेमकं सतराव्या पानावर होतं. माझं तोंड त्या वाक्यावरच पडलं. चहाच्या शाईचीही मला इतकी किळस कधी आली नव्हती.

मित्रांनो, आता पुढचं नीट ऐका, कारण ही चूक फक्त या दोघांच्या मैत्रीतच होऊ शकत होती.

पुढच्या रविवारी प्राध्यापक आपला जुना लेख नीटनेटका करायला बसले. चिठ्ठी दिसली. म्हणाले, "साहेब, ह्या साथीबद्दल छापील काही आहे का हो आपल्याकडे? एवढी चिठ्ठी काढून टाकली की लेख पक्का होईल."

"आहे ना!" साहेबांनी स्मरणिका पुढे केली. "सतरावं पान. शिक्क्यासकट."

प्राध्यापकांनी वाचलं. वाक्य त्यांचंच होतं, शब्द न् शब्द. पण त्यांना काय वाटलं असेल? संशय? छे! त्यांचा चेहरा खुलला. "बघा, मी म्हणत नव्हतो? खरंच निघालं!" त्यांनी चिठ्ठी काढली आणि खाली स्मरणिकेचं नाव, पान, ग्रंथालयाचं नाव टाकलं. साहेब मूग गिळून बसले. लेख उचलला होता हे सांगायचं कसं?

स्वतःच्याच उष्ट्या ताटात पुन्हा जेवायला बसायचं आणि शेजारणीने वाढलं म्हणून ढेकर द्यायचा, तसला हा प्रकार. त्या वर्षीचा चषक प्राध्यापकांनाच मिळाला.

हे सगळं असंच चालून गेलं असतं. पण एके दिवशी दुपारी दारातून एक आजी आत आल्या. गळ्यात शिवणकामाची टेप, पदराला दोन सुया टोचलेल्या. बाजारामागच्या गल्लीत शिलाईचं मशीन चालवणाऱ्या आजी. गावात त्यांच्या घराला अजून टाकीवाल्यांचं घर म्हणतात, कारण टाकीचा तो राखणदार म्हणजे त्यांचे वडील.

त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "साहेब, ते कॉम्प्युटरवर आमच्या बाबांचं लिहिलंय, ते तुम्ही लिहिलं का?"

"बसा ना आजी. कुठलं म्हणता?"

"माझ्या नातीला शाळेत गावाची माहिती वाचायला सांगितली. तिने वर्गासमोर उभं राहून वाचली. वाचेपर्यंत तिला माहीतच नव्हतं पुढे काय आहे. मग एक मुलगी म्हणाली, म्हणजे हिच्या पणजोबांच्या अंघोळीचं पाणी. आता पोरगी डबा खात नाही वर्गात. कुणी तिच्या बाटलीतलं पाणी पीत नाही." आजींचा आवाज सरळ होता, पण टेपचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. "ते काढून टाका."

साहेबांनी घसा साफ केला. "आजी, तसं काढता येत नाही हो. त्याला पुरावा आहे. छापील आहे." आणि त्यांनी स्मरणिका उघडून माझ्या ठशावर बोट ठेवलं. जसं पूर्वी लोक ठेवायचे, अगदी तसंच.

त्या क्षणी मला माझीच शिसारी आली, मित्रांनो. दुसरा शब्द नाही.

आजींनी चष्मा लावून ते पान वाचलं. "माझे बाबा शिडीखाली वहाणा काढून वर चढायचे," त्या म्हणाल्या. "पायाची माती पाण्यात नको म्हणून. आणि रोज पहाटे व्हॉल्व्ह उघडायच्या आधी पहिला पेला स्वतः प्यायचे. वास बघायचे, चव बघायचे, थोडा वेळ थांबायचे, आणि मग गावाला पाणी सोडायचे. आई ओरडायची, अहो, काही झालं तर? ते म्हणायचे, झालं तर एकालाच होईल."

"मग साथ?"

"साथ आली त्या वर्षी पाण्याला वासही नव्हता आणि चवही बिघडली नव्हती. पहिले आजारी पडले ते बाबा. पहिले गेले तेही बाबाच. कुठलं गटार कुठे मिसळलं ते कुणी शोधलं नाही. पहिला आजारी माणूस सापडला, तेवढ्यावर सगळ्यांचं भागलं."

साहेबांनी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं, 'आजी, हे मी तिथूनच उचललं.' पण ते म्हणाले, "बघतो हं, वरिष्ठांशी बोलतो." आणि आजी गेल्यावर सवयीने मला उचलून पाठ खाजवली.

कोपऱ्यातल्या टेबलाशी औषधवाल्या ताई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी संगणकावर त्या लेखाचं पान उघडलं आणि त्याचा इतिहास पाहिला. ज्ञानकोशातल्या प्रत्येक पानाला असा इतिहास असतो, कोणतं वाक्य कुणी कधी घातलं ते तिथे पुसता येत नाही. मग स्मरणिका मागून घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली. वाक्य आधीचं, स्मरणिका नंतरची. त्या म्हणाल्या, "शी!" माझ्या मनातलं पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने बोललं होतं.

त्यांनी वाक्य काढून टाकलं. पण दुसऱ्या दिवशी ते परत आलं. कुठल्यातरी दूरच्या गावातल्या दुसऱ्या हौशी माणसाने पाहिलं, अरे, संदर्भ असलेलं वाक्य कुणी खोडलं? आणि प्रामाणिकपणे परत लावून दिलं. ताईंनी पुन्हा काढलं, पुन्हा आलं. चर्चेच्या पानावर त्याने नम्रपणे लिहिलं होतं, 'ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातलं पुस्तक आहे, तुमच्या शब्दावर कसं काढू?' त्याचं काय चुकलं? तो ग्रंथालयावर विश्वास ठेवत होता.

ताई साहेबांकडे आल्या. "सर, एकच ओळ लिहा. ग्रंथालयाच्या इंटरनेटवरच्या यादीत या स्मरणिकेपुढे. हा लेख ज्ञानकोशातून घेतलेला आहे, पुरावा म्हणून वापरू नये. तुम्ही लिहिलंत की कायमचं मिटेल."

"अहो, संपादक म्हणून नाव आहे माझं त्याच्यावर! आणि येत्या रविवारी कार्यक्रम आहे, सहकार्याचा नवा करार. आता हे काढलं तर लोक काय म्हणतील? कार्यक्रम होऊ द्या, मग बघू."

रविवारी खोली सजली. फलक पुसला गेला, मी नाही. टेबलावर फुलांचा गुच्छ, कराराचा कागद, कागदाशेजारी पॅड आणि पॅडशेजारी मी. प्राध्यापक नव्या सदऱ्यात. साहेबांच्या अंगाला अत्तर, आणि अत्तराखाली तोच घाम. ताई भिंतीशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या बाजूला शिलाईवाल्या आजी. ताईंनीच त्यांना आणलं होतं.

सह्या झाल्या. साहेब म्हणाले, "आणि आता आपल्या संदर्भ विभागाचा शिक्का!" त्यांनी माझ्याकडे हात नेला, आणि तेवढ्यात मला दुसऱ्याच हाताने उचललं. सुकलेला, सुईने टोचून टोचून टणक झालेला हात. आजींचा.

त्यांनी मला पॅडवर दाबलं आणि मग स्वतःच्या डाव्या तळव्यावर जोरात टेकवलं. हात वर करून सगळ्यांना दाखवला. जांभळ्या, लडबडलेल्या अक्षरांत, 'संदर्भ विभाग. बाहेर नेऊ नये.'

"आता माझ्यावरही शिक्का आहे," आजी म्हणाल्या. "आता मी बोलते ते खरं का, साहेब? का अजून छापून आणू मला?"

त्यांनी मला पुन्हा पॅडशेजारी ठेवलं.

"माझ्या बाबांचं चांगलं लिहा असं मी म्हणत नाही. तो पेला कुठे छापलेला नाही, तुमचा नियम मला या औषधवाल्या पोरीने सांगितला, मला पटला. माझ्या बोलण्यावर नका लिहू. पण मग सलूनमधल्या बोलण्यावरही नका लिहू ना. चांगलं लिहू नका, नुसतं वाईट काढा. एवढंच मागते मी."

आधी प्राध्यापक उठले. त्यांच्या मोठ्या आवाजाला कुठे जायचं ते कळत नव्हतं. "ते वाक्य माझं आहे," ते म्हणाले. "ऐकीव होतं. मला वाटलं, स्मरणिकेत वेगळ्या कुणीतरी लिहिलंय..." ते साहेबांकडे वळले. "तुम्हाला कुठून कळलं होतं हो, साहेब?"

अण्णांचा प्रश्न! त्या खोलीत इतक्या वर्षांनी! माझं रबर ताठ झालं.

साहेबांनी गुच्छाकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, आणि शेवटी आजींच्या हाताकडे. "तुमच्याकडूनच घेतलं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांना पुन्हा विचारावं लागलं, आणि साहेबांना ते पुन्हा सांगावं लागलं. मग तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी यादी उघडून ती एक ओळ लिहिली, आणि स्मरणिका संदर्भाच्या कपाटातून काढून बाहेरच्या कपाटात ठेवली. माझे दोन्ही ठसे त्यांनी पेनने खोडले. खोडून घेताना इतकं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती, पण मी खोटं का सांगू? प्राध्यापकांनी चषक परत केला नाही, तो अजून त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे म्हणे. आणि साहेब आता प्रत्येक कार्यक्रमात छाती फुगवून सांगतात, "आमच्या ग्रंथालयाने ज्ञानकोशातली मोठी चूक पकडली!" हे ऐकलं की माझ्या घशाशी येतं. मला घसा नाही, हेही मला ठाऊक आहे.

पण दूरच्या गावातल्या त्या माणसाने ती ओळ वाचली, चर्चेच्या पानावर माफी मागितली आणि वाक्य स्वतःच काढलं. ते पुन्हा आलं नाही. पुढच्या रविवारी आजी पुन्हा आल्या. त्यांच्या तळव्यावरची शाई अजून पुरती गेली नव्हती. ताईंनी त्यांना लेख वाचून दाखवला. टाकी, उंची, साल, साथ. आणि जिथे ते अंघोळीचं वाक्य होतं तिथे आता लिहिलं होतं, 'साथीचं कारण शोधलं गेल्याची नोंद मिळत नाही.'

आजींनी ते पुन्हा वाचायला लावलं. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नाहीच शोधलं कुणी." आणि पदराने डोळे पुसून त्या मशीनवर अर्धं राहिलेलं शिवण पुरं करायला गेल्या.

रविवारचं काम अजून चालतं. फलक उतरला, चषक बंद झाला, माणसं थोडी कमी झाली आणि पुस्तकं जास्त उघडू लागली. मला आता फारसं कुणी वापरत नाही. नव्या पुस्तकांवर काळ्या रेघांची चिकटपट्टी लावतात आणि यंत्र तिच्यावर लाल उजेड टाकून पुस्तक ओळखतं. ताईंनी एकदा मला धुतलं. दुकानातून आणलेल्या नव्या टूथब्रशने, साबण लावून, शाईचा प्रत्येक गोळा टोकरून काढत. मग उताणा ठेवला, अण्णा ठेवायचे तसा. माझी काही अक्षरं झिजली आहेत, पण वाचता येतात.

मित्रांनो, मला वापरून झालं की धुऊन ठेवा, एवढं तर मी मागणारच. पण खरं मागणं दुसरं आहे. आता ठसा उमटवायला माझी गरज राहिलेली नाही. तुम्ही फोनवर आलेलं काही पुढे पाठवता, प्रकल्पात लिहिता, वर्गात उभं राहून वाचता, तेव्हा तुम्हीही शिक्काच मारत असता, आणि तो कुणाच्या नावावर पडतो ते तुम्हाला दिसतही नाही. तेव्हा गावाला पाणी सोडण्याआधी थोडं थांबा. वहाणा काढून वर चढा, आणि पहिला पेला स्वतः प्या.